नाचोचं दुसरं अंडं

एअरपोर्टवर मुलगा हसला, सून वाकून पाया पडली आणि नात ‘हाय आजी’ म्हणून गाणी ऐकायची बोंडं पुन्हा कानात घालून मोकळी झाली. घरात पाऊल पडल्याबरोबर शरयूताईंसाठी जीव तोडून ओरडलं ते फक्त एक पाखरू. ते ओरडणं स्वागताचं नव्हतं, परकं माणूस दिसल्याचं होतं. शरयूताईंनी मात्र ते स्वागतच धरलं. कराडहून इतक्या लांब आलेल्या बाईला काहीतरी धरायला हवंच होतं.

पाखराचं नाव नाचो. नाचो म्हणजे मक्याची खारट कुरकुरीत चकती. रंग तसाच, म्हणून नातीनं, अनिकानं, ते नाव ठेवलेलं. जात सन कन्यूर. म्हणजे पोपटच, पण आपल्याकडच्या राघूपेक्षा निराळा: अंग पिवळंधमक, तोंडाशी आणि पोटाशी केशरी, हिरवा रंग उरलासुरला पंखांच्या कडेला लावलेला. दिसायला देखणा आणि आवाज असा की कानाला दडे बसावेत. अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावच्या त्या टाउनहाऊसांच्या रांगेत भिंतीला भिंत लागलेली. सकाळी नाचोनं गळा काढला की शेजाऱ्यांना गजर लावावा लागत नाही, असं मुलगा, प्रथमेश, म्हणायचा. नाचोचं सगळं अनिकाच करायची. रोज पिंजऱ्याचा कागद बदलायचा, भाज्या बारीक चिरायच्या, आठवड्यातून दोनदा सिंकमध्ये आंघोळ, संध्याकाळी पिंजऱ्यावर चादर. तेरा वर्षांची मुलगी, स्वतःची खोली उकिरड्यासारखी. पण नाचोच्या बाबतीत तिच्या हातून कधी चूक व्हायची नाही.

शरयूताई नोव्हेंबरात आल्या होत्या आणि एप्रिलअखेरचं परतीचं तिकीट होतं. अनिकाच्या जन्माच्या वेळी सुनेची, रुपालीची, आई अमेरिकेला आली होती. पहिलं बाळंतपण माहेरचं, त्यात बोलायला जागाच नव्हती. दुसऱ्या वेळी सासूबाईंनी यायचं, असं तेव्हाच ठरलं होतं. दुसरी वेळ आलीच नाही. मग शरयूताईंच्या यजमानांची, जगन्नाथरावांची, किडनी गेली. डायलिसिसच्या फेऱ्यांत वर्षं निघून गेली. ते गेले आणि शरयूताई मोकळ्या झाल्या, तोवर नात खांद्याला लागली होती. खांद्याला लागलेल्या मुलीला न्हाऊमाखू घालता येत नाही. मांडीवर घेता येत नाही. तिच्याशी बोलायचं तर भाषा आडवी येते. ही मराठीत विचारणार, ती इंग्रजीत उत्तर देणार आणि दोघीही पुरेसं समजल्यासारखं करणार. ‘भूक लागली का?’ ‘आयॅम गुड, आजी.’ संपलं संभाषण.

दिवसभर घर रिकामं. प्रथमेश आणि रुपाली ऑफिसला, अनिका शाळेला. बाहेर थंडीनं सगळं करडं पडलेलं, रस्त्यावर चालणारं माणूस औषधालासुद्धा नाही. घरात जिवंत असं दोघंच: शरयूताई आणि नाचो. सुरुवातीला तो त्यांना चावला. मग चावायचा कंटाळला. मग एके दिवशी बर्फ पडत असताना खांद्यावरून उतरला, स्वेटरच्या आत पदरात शिरला आणि तिथेच अंग फुगवून बसला. एवढासा जीव, पण ऊब केवढी! शरयूताई हलल्याच नाहीत. गॅसवरचं दूध उतू गेलं तरी उठल्या नाहीत.

त्यानंतर रोजचंच झालं. सगळे बाहेर पडले की पिंजरा उघडायचा, नाचो पदरात. त्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत हात फिरवत थोपटायचं. ऊन ऊन मऊ भात, बिनमिठाचा, कारण मीठ पक्ष्याला वाईट हे अनिकानं बजावलं होतं आणि तेवढं शरयूताई पाळत होत्या. बोटावर शीत घेऊन भरवायचं. पुढे पुढे तर नाचोच मान खालीवर करून आपल्या पोटातला घास वर काढायचा आणि त्यांच्या बोटावर ठेवायचा. दुसरं कुणी असतं तर शिसारी आली असती. शरयूताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. जगन्नाथराव गेल्यापासून त्यांना कुणी भरवलं नव्हतं.

“नाचो लाइक्स यू मोअर, आजी,” एकदा अनिका म्हणाली. हसत म्हणाली, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. नाचोला आजीच्या खांद्यावरून उचलायला तिनं हात पुढे केला, तर तो तिलाच कडकडून चावला. बोटातून रक्त आलं. शरयूताईंनी धावत जाऊन हळद आणली, फुंकर घातली, नाचोला रागावल्या. पण खोटं कशाला बोला, आतून त्यांना बरं वाटलं. या घरात कुणीतरी दुसऱ्या सगळ्यांना सोडून त्यांना निवडलं होतं. त्या बरं वाटण्याची त्यांना लाजही वाटली आणि लाज वाटूनही ते गेलं नाही.

जानेवारीत एका दुपारी पदरातून उठून नाचो बाजूला झाला आणि सोफ्यावर, शरयूताईंच्या मांडीला लागून, पांढरंशुभ्र अंडं. तोपर्यंत नाचोला सगळे नर समजत होते. या जातीत नर-मादी नुसत्या डोळ्यांना ओळखू येत नाहीत. शरयूताई बराच वेळ त्या अंड्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या आणि मीठ-मोहऱ्या घेऊन तिची दृष्ट काढली. अनिका शाळेतून आली तेव्हा आजी दारातच उभी.

“अगं, तुझ्या नाचोला अंडं झालं!”

अनिका किंचाळली. दोघींनी एकमेकींचे हात धरून स्वयंपाकघरात उड्या मारल्या. अर्थात शरयूताईंच्या उड्या गुडघ्यांना झेपतील इतपतच. त्या मुलीनं आपणहून हात धरल्याची ही पहिलीच वेळ होती.

शनिवारी सगळे नाचोला पक्ष्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले; शरयूताई घरीच थांबल्या. परत आल्यावर प्रथमेशच्या पोटात हसू मावत नव्हतं.

“आई, तू काय जादू केलीस गं? डॉक्टर म्हणते, नाचोला तू तिचा नवरा वाटतेस!”

“काहीतरीच काय बोलतोस!”

“सीरियसली. पाठीवरून हात फिरवायचा नाही, कारण पोपटांत ते फक्त नवऱ्यानं करायचं असतं. अंधारात, उबेत, कपड्यांत घुसू द्यायचं नाही, तिला ते घरटं वाटतं. आणि गरम मऊ खाणं बंद. नवरा भरवतोय, घरटं तयार आहे, मग काय, ती अंडी घालत सुटणार.”

रुपालीसुद्धा हसली, मग सासूबाईंचं तोंड बघून गप्प झाली. शरयूताईंचे कान तापले. म्हाताऱ्या विधवा बाईला पाखराचा नवरा करून सोडलं, आणि तेही सुनेसमोर.

अनिका मात्र हसत नव्हती. ती आजीसमोर येऊन उभी राहिली. “बाबा, स्टॉप. इट्स नॉट फनी. आजी, अंडं आत अडकतं. स्टक. देन शी कॅन डाय.” मराठी शब्द तिनं एकेक करून शोधून काढले होते. “ओन्ली डोकं. ओन्ली मान. पाठ नाही. साडीमध्ये नाही. प्रॉमिस?”

“प्रॉमिस,” शरयूताई म्हणाल्या.

आणि पाळलंही. पिंजऱ्यात समुद्रफेसाचा तुकडा टांगला गेला, कॅल्शियमसाठी. मऊ भात बंद झाला, कोरड्या गोळ्या सुरू झाल्या. दिवस लहान वाटला की अंडी थांबतात, म्हणून अनिका रोज संध्याकाळी लवकरच पिंजऱ्यावर चादर टाकायची आणि आजीकडे बघून अंगठा दाखवायची; आजीही दाखवायची. त्यांच्यात तेवढी एक नवी भाषा तयार झाली होती आणि शरयूताईंना ती आवडत होती.

पण दिवस मोठा असतो. सगळे गेले की नाचो पिंजऱ्याच्या जाळीला लटकून हाका मारायला लागायची. हाका कसल्या, आकांत. शरयूताई स्वयंपाकघरात गेल्या तर तो आकांत स्वयंपाकघरात, वर गेल्या तर जिन्यावरून वर. त्यांनी टीव्ही मोठा लावला. मनाचे श्लोक म्हटले. कान झाकून बसल्या. जवळ जाऊन नुसतं डोकं खाजवलं तर ती मान वाकवून, पंख थरथरवत पाठ पुढे करायची आणि हात मागे घेतला की पुन्हा सुरू.

शिवाय मनातून त्यांना पटलं नव्हतंच. डॉक्टरनं जे जे नको म्हटलं होतं, ते सगळं त्यांना आयुष्यभर हवंच म्हणून शिकवलेलं होतं. दिवस गेलेल्या बाईला ऊब द्यायची, मऊ भात द्यायचा, पाठीवरून हात फिरवायचा, उजेडापासून, वाऱ्यापासून जपायचं. त्यांच्या सासूनं त्यांना तसंच जपलं होतं. हे कुठलं शास्त्र, की मायेनं जीव जातो? कोरड्या गोळ्या खाऊन कुणाचं बाळंतपण झालंय? आपल्याला हे कळतंय आणि या शिकलेल्यांना कळत नाही, असं एकदा डोक्यात बसलं की माणूस चोरीलाही पुण्य समजायला लागतं.

फेब्रुवारीत एका सकाळी पिंजरा उघडला. फक्त पाच मिनिटं, असं स्वतःला सांगून. नाचो थेट पदरात शिरली आणि एकदम गप्प झाली. घरभर जी शांतता पसरली, तिच्यापुढे प्रॉमिस टिकलं नाही. मग रोज. अनिका यायच्या आत नाचो पिंजऱ्यात, भाताची वाटी धुतलेली, साडीवरची पिसं झटकलेली. संध्याकाळी अनिका चादर टाकून अंगठा दाखवायची. शरयूताईही दाखवायच्या. तेवढ्या वेळापुरती त्यांची नजर दुसरीकडे असायची.

मार्चमधल्या त्या दिवशी सकाळी पिंजरा उघडला तर नाचो दांडीवर नव्हती. खाली कागदावर बसली होती, पिसं फुगवून, पाय फाकवून. शेपटी श्वासाबरोबर खालीवर होत होती. शरयूताईंना बघून ती ओरडली नाही. नुसती चोच उघडली आणि मिटली.

शरयूताई पिंजऱ्यापाशी वाकल्या. काय झालंय हे त्यांना ताबडतोब कळलं. ‘स्टक’ हा शब्द अनिकाच्या आवाजात कानात वाजला. त्यांनी फोन घेतला. रुपालीचं ऑफिस जवळ होतं, गाडीनं पंधरा मिनिटं. नाव शोधलं, बोट लावलं, एक रिंग गेली आणि त्यांनी फोन बंद केला.

कारण रुपाली विचारणार. डॉक्टर विचारणार. दुसरं अंडं कसं आलं, कुणी हात लावला? आणि अनिका काही विचारणारच नाही, नुसती बघेल. शरयूताईंना ती नजर आत्ताच दिसत होती. तास-दोन तासांत मोकळी होईल, त्या स्वतःला म्हणाल्या. बाळंतपणाला वेळ लागतोच. अंडं बाहेर आलं की कचऱ्यात टाकू, कुणाला कळायचंही नाही. आणि आजपासून खरंच बंद. देवाशप्पथ बंद.

रुपालीचा उलट फोन आला. “आई, तुमचा मिस्ड कॉल दिसला. ऑल ओके?”

“हो गं. चुकून लागला.”

मग त्यांनी त्यांना ठाऊक होतं ते सगळं केलं. टॉवेल गरम करून खाली अंथरला. गरम पाण्याचं पातेलं जवळ ठेवून वाफ दिली. एरंडेलाचं एक बोट पोटाखाली लावलं. नाचो जोर लावत होती. तिच्या एवढ्याशा अंगातून कळ गेलेली दिसायची आणि शरयूताईंचीही मूठ आवळली जायची. “लाव बाई, लाव अजून एकदा, माझी शहाणी,” असं म्हणत त्या पिंजऱ्यापाशी जमिनीवर बसून राहिल्या. गुडघे धरले, जेवणाची वेळ टळली, पातेलं निवलं, पुन्हा गरम केलं. दुपार होत गेली तशी नाचोनं जोर लावायचं सोडलं. तिनं डोळे मिटले आणि मान एका बाजूला टेकवली. त्यांनी दोनदा फोन हातात घेतला. पण सकाळी केला नाही तो आत्ता केला तर सकाळी का नाही केला, हे आणखी सांगावं लागणार होतं. उशीर झालेला माणूस उशिरालाच भिऊन आणखी उशीर करतो. शरयूताईंचं तसं झालं.

स्कूलबसचा आवाज आला. अनिकानं दारातच बॅग टाकली. पिंजऱ्याकडे एकदाच बघितलं.

“व्हेन डिड दिस स्टार्ट? आजी! कधी?”

“आत्ता,” शरयूताईंच्या तोंडून गेलं. “आत्ताच बघितलं गं मी.”

अनिकानं आईला फोन केला. तिचा आवाज स्थिर होता. रुपाली आली, नाचोला टॉवेलसकट छोट्या पिंजऱ्यात घातलं, मागच्या सीटवर आजी आणि नात, मध्ये पिंजरा. दवाखान्यात नाचोला आत नेलं. बाहेर तिघी बसल्या. ऑफिसातून थेट निघालेला प्रथमेशही येऊन बसला. डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

डॉक्टर अनिकासमोर गुडघ्यावर बसून बोलल्या. रुपाली हळू आवाजात सासूबाईंना मराठीत सांगत होती: अंडं अडकलं होतं. इंजेक्शनं दिली, पण शरीरात त्राण उरलं नव्हतं. सकाळी आणलं असतं तर चान्स होता. पण पक्षी दुखणं लपवतात, शेवटपर्यंत दाखवत नाहीत. घरच्यांना कळतच नाही. यात तुमच्यापैकी कुणाचीही चूक नाही, असं डॉक्टर म्हणतायत.

शरयूताईंनी मान हलवली. त्या परक्या बाईनं, काही ठाऊक नसताना, त्यांना सोडवून टाकलं होतं. छातीवर दगड पडावा तसं ते सुटणं पडलं. सांगावं का? तोंड उघडलंही. पण अनिका तेव्हा पहिल्यांदा रडायला लागली आणि शरयूताईंचे शब्द आतल्या आत राहिले.

रुपालीची गाडी तिथेच राहिली. प्रथमेशनं सगळ्यांना आपल्या गाडीत बसवलं. अनिकाच्या मांडीवर पांढरा पुठ्ठ्याचा खोका होता. रूट वन या हमरस्त्यावर संध्याकाळची गर्दी. गाडी थांबत थांबत चाललेली. बऱ्याच वेळानं तिनं एक हात खोक्यावरून काढला आणि आजीच्या हातात दिला. नुसता ठेवला नाही, बोटांत बोटं घालून धरला.

“आजी,” ती म्हणाली, “शी वॉझंट अलोन. तू होतीस. ती तुझ्याजवळ होती.”

शरयूताईंना हुंदका आला. अनिका त्यांच्याकडे सरकली आणि तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. तेरा वर्षं ज्याची वाट बघितली ते वजन खांद्यावर आलं होतं. केसांना शांपूचा वास येत होता. शरयूताई श्वास धरून बसल्या.

“बाबा, आजी एप्रिलमध्ये जाणार?” अनिकानं विचारलं. “कॅन शी स्टे? प्लीज?”

प्रथमेशनं आरशातून मागे बघितलं. त्याचेही डोळे लाल झाले होते. “करता येईल ना. एक्स्टेन्शनसाठी अप्लाय करू. आई, राहतेस? तिला बरं वाटेल गं. आम्हालाही.”

गाडीत सगळे त्यांच्या उत्तराची वाट बघत होते. हो म्हणायला एक क्षण पुरला असता. पण हो म्हटलं तर रोज संध्याकाळी ही मुलगी अशीच खांद्यावर डोकं ठेवणार आणि आपण ते ठेवून घेणार. ज्या हातानं मारलं त्याच हातात हात देऊन ही झोपणार. खरं सांगायची ताकद त्यांच्यात नव्हती. ती आज दिवसभर नव्हती आणि पुढेही येणार नाही, हे शरयूताईंना स्वच्छ कळलं. आणि खोट्यावर मिळालेलं हे सुख घेऊन त्या घरात राहायची ताकदही नव्हती.

“नको,” त्या म्हणाल्या. “नको रे बाबा. मला इथं नाही करमत. तिकीट लवकरचं मिळालं तर बघ.”

“आई, आत्ता कशाला...” रुपाली म्हणाली आणि थांबली.

अनिकाला एवढं मराठी कळत होतं. तिनं डोकं उचललं, आजीकडे बघितलं आणि बोटं सोडवून घेतली. मग तिनं दोन्ही हात खोक्यावर ठेवले आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.